कमी पगारात पुण्यात नवीन आलात? रेशन, किराणा आणि महिनाभराचं जेवण कसं बसवायचं, स्टेप बाय स्टेप

परभणी, लातूर, बीड, वाशीम, बुलढाणा, आपल्या भागातली कितीतरी पोरं दरवर्षी चाकण, भोसरी, रांजणगावला कामाला येतात. कुणी कंपनीत कंत्राटी लागतं, कुणी गोडाऊनला, कुणी डिलिव्हरीला. हातात पडतात तेरा ते सोळा हजार. त्यातून रूमचं भाडं जातं, गावाकडं पाठवायचे जातात, मोबाईलचा हप्ता, पेट्रोल, रिचार्ज, आणि मग जे उरतं त्यात जेवायचं. वीस तारीख उलटली की सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव आणि रात्री रूमवर मॅगी. असं सहा महिने केलं की अंगात ताकद राहत नाही, नाईट शिफ्टला चक्कर येते, खाडे पडतात आणि पगार अजून कमी होतो. मी हे जवळून बघितलंय, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. मी स्वतः परभणीकडचा, चाकणला कंपनीत आहे, आता रूमवर आम्ही तिघं मिळून बनवून खातो आणि गावाकडच्या कार्डावर इथं रेशन उचलतो.

हे पुण्याच्या आजूबाजूला येणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण रेशनचा भाग मुंबई, नाशिक, अगदी सुरत-हैदराबादला गेलेल्यांनाही चालेल.

आधी हे जवळ ठेवा

- रेशनकार्डाचा १२ अंकी नंबर. मूळ कार्ड गावाकडंच राहू द्या, फक्त फोटो काढून आणा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो
- स्वतःचं आधार, आणि आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे. हे फार महत्त्वाचं, जुनं सिम बंद करून नवीन घेतलं असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर अपडेट करा
- बँक पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो
- बायको-मुलं सोबत असतील तर मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाचं कार्ड
- दोन मजबूत पिशव्या आणि एक वही

वही कशाला ते खाली कळेल.

१. पगार झाला त्याच दिवशी जेवणाचे पैसे वेगळे काढा

बहुतेक जण आधी सगळ्यांचं देऊन टाकतात आणि शेवटी पोटाकडं बघतात. भाडं आधी, हप्ता आधी, मित्राचे उसने आधी. उलटं करा. पगार खात्यात पडला की त्याच दिवशी महिन्याचा कोरडा किराणा भरून टाका, तेल, डाळ, शेंगदाणे, पीठ, सगळं. एकदा डबे भरले की महिनाअखेरीला खिशात दहा रुपये असले तरी वरण-भात होतो. भाजी आणि अंड्यांसाठी दर आठवड्याला ठरलेली रक्कम बाजूला ठेवा, ती रोख ठेवा, फोनमधून उडते कधी ते कळत नाही.

गावाकडं किती पाठवायचे हे घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या. आईला सांगा की मी इथं जेवणाला एवढे ठेवणार आहे, बाकीचे पाठवतो. आईला काय, पोरगं जेवलं पाहिजे एवढंच असतं. न बोलता स्वतः उपाशी राहून पाठवत बसू नका.

२. गावाकडच्या कार्डावर धान्य आहे का ते तपासा

कार्ड आहे म्हणजे धान्य आहे असं नसतं, आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकारच्या घरांना धान्य मिळतं. अंत्योदय, म्हणजे कार्डाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. आणि प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी महिन्याला ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण फुकट आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढं पाच वर्षं तसंच चालू ठेवायचं केंद्रानं ठरवलंय. गहू किती आणि तांदूळ किती हे महिन्यानुसार बदलतं, कधी ज्वारीही येते, पण बेरीज माणशी ५ किलोच.

आता कार्डाचा रंग. पिवळं, केशरी, पांढरं. केशरी कार्डवाल्यांमध्ये दोन गट आहेत, काहींची नावं प्राधान्य यादीत आहेत, काहींची नाहीत. बाहेरून दोन्ही कार्डं सारखीच दिसतात. प्राधान्यसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार धरलेली आहे. म्हणून कार्ड केशरी दिसतंय म्हणून दुकानात रांग लावू नका, आधी नंबर टाकून बघा.

कसं बघायचं: फोनमध्ये मेरा राशन २.० ॲप घ्या, आधारनं लॉगिन करा, ओटीपी येईल. त्यात तुमच्या घराला किती धान्य आहे, या महिन्यात उचललं का, कोणत्या दुकानातून उचललं, सगळं दिसतं. ॲप चालेना तर कुठल्याही रेशन दुकानात जाऊन १२ अंकी नंबर सांगा, मशीनवर लगेच समजतं.

मराठवाड्यातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी शेतकरी कार्डांचं वेगळं आहे. त्यांना आधी धान्य मिळायचं, २०२३ पासून त्याच्या बदल्यात खात्यात पैसे येतात, सुरुवातीला माणशी महिना १५० होते, २०२४ ला १७० झाले. तुमचं घर त्यात असेल तर पुण्यात मशीनवर धान्य दिसणारच नाही, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. उलट गावाकडं विचारा की पैसे जमा होतायत का, ते कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे त्या बाईच्या खात्यात जातात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकतात, तहसीलला पुरवठा शाखेत जाऊन विचारायला सांगा.

३. ई-केवायसी करून टाका

ई-केवायसी म्हणजे आधारनं ओळख पटवून देणं. ते कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं लागतं, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाही. बाहेरगावी असलेल्या पोरांचंच राहून जातं आणि मग नेमकं त्यांच्याच नावाचं धान्य बंद पडतं. यासाठी गावाला जायची गरज नाही. जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात जाऊन आधार नंबर सांगायचा, मशीनवर बोट ठेवायचं, झालं. किंवा मेरा ई-केवायसी ॲप आणि सोबत आधार फेस आरडी ॲप टाकून चेहरा दाखवून घरबसल्या होतं. एकही रुपया लागत नाही, कुणी पन्नास-शंभर मागितले तर देऊ नका.

४. पुण्यातल्या दुकानात धान्य उचलायचं कसं

याला वन नेशन वन रेशन कार्ड म्हणतात, साध्या भाषेत पोर्टेबिलिटी. महाराष्ट्रातलं कार्ड राज्यात कुठंही चालतं, आणि २०२२ पासून देशातल्या सगळ्या राज्यांत चालतं. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, कार्ड ट्रान्सफर करायचं नाही, नवीन कार्ड काढायचं नाही. नुसता नंबर आणि अंगठा.

पहिलं काम घरच्यांशी ठरवायचं. समजा कार्डावर पाच जण आहेत, २५ किलो येतं. गावाकडं आई एक तारखेला जाऊन अंगठा लावून सगळं २५ किलो उचलून आली तर तुम्हाला इथं मशीनवर शून्य दिसणार. तुम्ही इथं अख्खं उचललंत तर तिकडं आईला शून्य. सोय अशी आहे की थोडं तुम्ही इथं उचलायचं आणि बाकीचं घरच्यांनी तिकडं. म्हणून फोन करून ठरवा, मी माझ्या वाट्याचं पाच किलोच उचलतो, तुम्ही वीस उचला. आणि आईलाही सांगून ठेवा की तिथल्या दुकानदाराला आधीच सांग, सगळं एकदम टाकू नको म्हणून. बरेच दुकानदार सवयीनं पूर्ण आकडा टाकतात आणि पावतीवर पूर्ण धान्य उचललं असं होऊन बसतं.

दुसरं, दुकानात कधी जायचं. प्रत्येक दुकानाला माल मोजून येतो, त्यातून बाहेरच्या कार्डवाल्यांना द्यायचं असतं. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गेलात तर माल संपलेला असतो. धान्य वाटप सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यातच जा. सुट्टीच्या वारी दुकान उघडं असतं का ते आधी विचारून ठेवा.

तिसरं, दुकानात नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे गेल्यावर गांगरायला होणार नाही. काउंटरवर काळं किंवा राखाडी छोटं मशीन असतं, बसमधल्या कंडक्टरकडं असतं तसं. दुकानदार नंबर टाकतो, स्क्रीनवर घरातल्या सगळ्यांची नावं येतात, तुम्ही तुमचं नाव दाखवायचं, मग बोट ठेवायचं. बोट जुळलं की गहू किती, तांदूळ किती शिल्लक ते दिसतं. इथं लगेच बोलायचं, दादा माझ्यापुरतं पाच किलोच टाका. आकडा टाकला की कागदाची पावती निघते. पावती हातात घ्या, वजन बघा, मगच पिशवी उचला. पावतीवरचं आणि काट्यावरचं जुळलंच पाहिजे.

बोट जुळत नाही हा आपल्यासारख्यांचा कायमचा त्रास आहे. वेल्डिंग, कूलंट, सिमेंट, केमिकलमध्ये काम करून बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणानं धुवून कोरडे करा, दुसरं बोट ट्राय करा, करंगळीसुद्धा चालते. तरीही झालं नाही तर डोळ्याचं स्कॅनर आहे का विचारा, किंवा आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवायला सांगा. म्हणूनच मघाशी नंबर अपडेट करा म्हटलं.

आता नेहमी ऐकू येणारी वाक्यं आणि त्यावर काय बोलायचं:

"तुमचं कार्ड इथलं नाही." दादा पोर्टेबिलिटीनं द्या, नंबर टाकून बघा. शांतपणे म्हणायचं, आवाज चढवायचा नाही. दहापैकी निम्म्या वेळा इथंच काम होतं.

"आधी आमची माणसं, मग उरलं तर." असा नियम नाही, पण माल खरंच कमी असेल तर कधी येऊ ते विचारून घ्या, नाहीतर दुसरं दुकान गाठा. तुम्ही एकाच दुकानाला बांधलेले नाही, हाच तर पोर्टेबिलिटीचा फायदा.

"पिशवीचे, हमालीचे वीस रुपये द्या." फुकट म्हणजे फुकट. दुकानदाराला कमिशन सरकार देतं.

अंगठा लावून घेतला आणि धान्य उद्या या म्हणाला, तर अजिबात मान्य करू नका. अंगठा लागला की कागदावर तुम्ही धान्य नेलेलं असतं. धान्य दुकानात समोर दिसल्याशिवाय बोट ठेवायचं नाही, हे पाठ करून ठेवा.

आणखी एक. रेशनच्या तांदळात कधी काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, पाण्यात टाकले की तरंगतात. बाया म्हणतात प्लास्टिकचा तांदूळ आहे आणि निवडून फेकून देतात. तो प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेला दाणा आहे, शंभर दाण्यांमागं एक या हिशोबानं टाकतात. अंगात रक्त कमी असलेल्यांसाठीच आहे तो, फेकू नका.

५. नवीन कार्ड काढायची घाई करू नका

पुण्यात आल्यावर एजंट भेटतात, गावाकडून नाव कमी करा, इथलं कार्ड काढून देतो, दोन-तीन हजार द्या. जरा थांबा. राज्यात किती लोकांना हे धान्य द्यायचं याचा कोटा ठरलेला आहे, सात कोटींच्या आसपास, तो २०११ च्या जनगणनेवरून काढलाय. प्रत्येक भागाला त्यातला वाटा असतो, त्याला ऑफिसात इष्टांक म्हणतात. तुमचं गावाकडं प्राधान्य यादीत नाव आहे, ते तुम्ही कमी करून घेतलं आणि इथं इष्टांक भरलेला असेल, तर हातात कार्ड येईल पण धान्य येणार नाही. चालू असलेलं हातचं जाईल.

लग्न झालंय, बायको-मुलं कायमची इथं आणलीत, गावाला परत जायचं नाही, अशांनी नाव इकडं आणायचा विचार करावा, तोही परिमंडळ कार्यालयात, म्हणजे शहरातल्या रेशनच्या ऑफिसात, इष्टांक शिल्लक आहे का ते आधी विचारून. लग्नानंतर बायकोचं नाव गावाकडच्या कार्डावर चढवायचं मात्र विसरू नका. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी, मग सासरच्या कार्डात वाढ, याच क्रमानं होतं.

६. मेस की स्वतः बनवायचं

एकटे असाल आणि बारा तासांची शिफ्ट असेल तर मेस सोयीची, मी नावं ठेवणार नाही. पण हिशोब नीट करा. महिन्याचे तीन हजार किंवा वर, वरून नाश्ता वेगळा, रविवारी संध्याकाळी मेस बंद, गावाला गेलात तर त्या दिवसांचे पैसे सहसा कापून मिळत नाहीत. आणि वरण इतकं पातळ की ताटाचा तळ दिसतो. मेस लावायचीच असेल तर पूर्ण महिन्याचे आधी देऊ नका, आठवडाभराचे कूपन घ्या, आणि खाडे धरता का, किती दिवस आधी सांगायचं, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

दोघं-तिघं एका रूमवर असाल तर स्वतः बनवणं परवडतं. एकट्यानं बनवून बचत थोडीच होते, खरं सांगायचं तर, पण तेवढ्याच पैशात डाळ घट्ट मिळते आणि अंडी खाता येतात. तिघांनी केलं तर गॅस आणि तेल वाटलं जातं, आणि दमून आलेल्याला आयतं ताट मिळतं. इथं ती वही लागते. कुणी काय आणलं ते त्याच दिवशी लिहायचं, महिनाअखेरीला बेरीज करून भाग पाडायचे. रूमवरची निम्मी भांडणं किराण्याच्या पैशावरून होतात, वही असली की होत नाहीत. भांडी कुणी कधी घासायची तेही त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा.

७. गॅस

भाडेकरार नाही म्हणून मोठं कनेक्शन मिळत नाही, हे सगळ्यांचं दुखणं. त्यासाठी ५ किलोचं छोटं सिलिंडर असतं, इंडियन ऑइलचं छोटू नावानं मिळतं, बाकी कंपन्यांचंही असतं. ओळखपत्र दाखवून मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागं महाग पडतं हे खरं, पण कायदेशीर आहे आणि सुरक्षित आहे.

चौकातल्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्यात गॅस भरून देतात तिथं जाऊ नका. किलोमागं काही रुपये वाचतील, पण ती लोकल टाकी आणि साधा व्हॉल्व, बंद रूममध्ये रात्री गळती झाली तर सगळी रूम जाते. पुण्यात अशा रिफिलिंगच्या दुकानांना आगी लागल्यात.

बायको सोबत असेल आणि तुमच्या घरात गॅस कनेक्शन नसेल तर उज्ज्वला योजनेत तिच्या नावानं अर्ज करून बघा. स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालतं.

गॅस वाचवायला कुकर घ्याच, सेकंडहँड घ्या पण रिंग आणि शिट्टी नवीन टाका. डाळ कामाला जायच्या आधी भिजत घाला. कुकरमध्ये खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा, त्याच वाफेवर कडेला दोन बटाटे किंवा अंडी. एकदा गॅस लावून तिघांचं निम्मं जेवण होतं.

८. महिन्याचा किराणा, एका माणसाचा

मोठ्या माणसाला, अंगमेहनत करणाऱ्याला, महिन्याला दहा-बारा किलो धान्य लागतं. रेशनचे ५ किलो म्हणजे अर्ध्याच्या आत. बाकीचं विकत. तरी हे फुकटचं धान्य आलं की जे दोन-अडीचशे वाचतात ते सरळ डाळ-अंड्यांवर घाला, दुसरीकडं जाऊ देऊ नका. पोट भातानं भरतं, पण ताकद डाळीनं येते.

मी अशी यादी धरतो:

- ज्वारी किंवा गहू ५-६ किलो. गावाकडची ज्वारी येत असेल तर सोन्याहून चांगलं, एसटीनं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याकडं मागवा
- डाळ २ किलो. सगळी तूर घेऊ नका, महाग पडते. निम्मी तूर, निम्मी मसूर किंवा मूग
- मटकी, हरभरा, चवळी, वाटाणा मिळून १ किलो
- शेंगदाणे अर्धा ते १ किलो
- सोयाबीन वडी अर्धा किलो
- तेल १ लिटर, त्याच्यावर नाही
- अंडी, ३० चा एक ट्रे
- तिखट, हळद, मीठ, मोहरी, जिरं, गूळ अर्धा किलो
- चहा-साखर-दूध, हे जपून. रूमवर दिवसाला चार चहा झाले की महिन्याला डाळीएवढे पैसे जातात

भाव वर-खाली होतात, पण भाजी आणि गॅस धरून हे अडीच ते तीन हजारांत बसतं, आणि तिघांत केलं तर त्याच्याही आत येतं.

सोयाबीन वडीबद्दल मुद्दाम सांगतो, लोक तिला कमी समजतात. शंभर ग्रॅम वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शेंगदाण्यात पंचवीस, डाळीत बावीस-चोवीस. एका अंड्यात सहा. जिममधल्या डब्यांच्या मागं लागायची गरज नाही. वडी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, घट्ट पिळून ते फेसाळ पाणी काढून टाकायचं, मग कांदा-लसूण-काळं तिखट घालून रस्सा करायचा. भाकरीसोबत मटणाच्या रश्शाची हौस बऱ्यापैकी भागते.

मोड आणायचे तर सकाळी मटकी भिजवा, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उसळ. शेंगदाण्याची चटणी एकदम पंधरा दिवसांची कुटून ठेवा, भाजी नसली त्या दिवशी भाकरी-चटणी-कांदा असं जेवण होतं आणि पोटाला धरतं.

रेशनचा तांदूळ जाडा असतो, नुसता भात आवडत नाही म्हणून काही जण दारावर येणाऱ्याला किलोमागं थोडक्या पैशात विकून टाकतात. विकू नका. एक तर ते बेकायदेशीर आहे, कार्डावर कारवाई होऊ शकते, आणि तोच माणूस पुढं तिप्पट भावाला विकतो. जाड्या तांदळाची खिचडी चांगली होते. उडीद डाळ घालून इडली-डोशाचं पीठ, किंवा दळून त्याची धिरडी करा. ज्वारीत थोडा तांदूळ घालून दळला तरी भाकरी छान येते.

सुपरमार्केटच्या ऑफरला भुलू नका. तिथं गेल्यावर डाळ पाच रुपये स्वस्त मिळते आणि बिस्किटं-सॉस-शाम्पूचे तीनशे जादा जातात. यादी करून जा, रोख घेऊन जा, नाहीतर होलसेल किराणा दुकानातून सुटा माल घ्या.

९. भाजी

संध्याकाळी उशिरा, बाजार उठायच्या वेळी जा. विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो, वाटे लावून देतात. मोशीचा उपबाजार किंवा गुलटेकडीचं मार्केट यार्ड जवळ असेल तर रविवारी तिघांनी मिळून कांदा-बटाटा एकदम आणा. पालेभाजीची एक जुडी आठवड्यातून दोनदा तरी घ्या, मेथी, पालक, शेपू, जे स्वस्त असेल ते. लिंबू ठेवा, डाळ-पालेभाजीवर पिळलं की त्यातलं लोह अंगाला चांगलं लागतं. जेवण झाल्या झाल्या चहा पिऊ नका, त्यानं उलटं होतं.

१०. बाहेर खायची वेळ आली तर

शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि मूदभर भात. कार्ड लागत नाही, नाव आणि फोटो घेतात. दुपारीच असते, आणि थाळ्या मोजून असतात, उशिरा गेलात तर संपते. सगळी केंद्रं कायम चालू असतात असं धरून चालू नका, एस्टी स्टँड, सरकारी दवाखाना, मार्केट यार्ड अशा ठिकाणी चौकशी करून बघा.

पुण्यात हमाल पंचायतीचं कष्टाची भाकर आहे. बाबा आढावांनी हमाल-तोलारांसाठी १९७४ ला उभं केलेलं काम. झुणका, भाकरी, ठेचा, भाजी, हॉटेलच्या मानानं खूप कमी पैशात आणि ताजं. कामानिमित्त पेठांमध्ये किंवा मार्केटला गेलात तर वडापाव खाण्यापेक्षा तिथं जेवा.

कंपनीत कॅन्टीन असेल तर पहिल्या दिवशीच विचारा, कंत्राटी कामगाराला जेवण कोणत्या दरात आहे. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये २५० च्या वर कामगार असले की कॅन्टीन बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२५ पासून जो नवीन कामगार कायदा लागू झालाय त्यात हा आकडा १०० आहे, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. पगारातून कॅन्टीनचे पैसे कापतात आणि तुम्ही जेवत मात्र नाही, असं होतंय का ते पगाराच्या स्लिपवर बघा.

११. मुलं सोबत असतील तर

अंगणवाडी सगळ्यांसाठी आहे, रेशनकार्ड इथलं असायची अट नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथंच गरम जेवण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही आहार मिळतो. ताईंकडं जाऊन नाव नोंदवा, मुलाचं वजन करून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवी दुपारचं जेवण आहे. वर्षाच्या मधेच आलात तरी मुलाला शाळेत घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कामाच्या नादात मुलं रूमवर ठेवू नका, शाळेत एक वेळचं जेवण पक्कं असतं.

१२. उधारी आणि लोन ॲप

किराणा दुकानदाराची उधारी परवडते, पण त्याच्या वहीत काय लिहितो ते तुमच्याही वहीत लिहा, आणि पगार झाला की पूर्ण फेडा. अर्धी फेडून अर्धी पुढं ढकलली की भाव विचारायची सोय राहत नाही, तो देईल तो माल घ्यावा लागतो.

पाच मिनिटांत पाच हजार देणारी ॲप मात्र जेवणासाठी कधीच घेऊ नका. हातात साडेतीन पडतात, आठवड्यात पाच मागतात, कॉन्टॅक्ट लिस्ट घेतलेली असते आणि मग बहिणीला, सुपरवायझरला फोन जातात. फसला असाल, धमक्या येत असतील तर लाज न बाळगता १९३० ला फोन करा. पैसे नाहीत म्हणून उपाशी झोपायची वेळ आली तर रूममेटला सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. गुरुद्वारात लंगर असतो, तिथं जात-धर्म कुणी विचारत नाही, डोक्यावर रुमाल बांधून आत जा आणि जेवा.

१३. धान्य नाकारलं तर तक्रार कशी करायची

दुकानात भांडण करत बसू नका, माहिती गोळा करा. दुकानाच्या बोर्डावर दुकान नंबर, वेळ आणि साठा लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, काय बोलले ते लिहा. मग:

- १९६७ किंवा १८००-२२-४९५० ला फोन करा, दोन्ही टोल फ्री आहेत. पोर्टेबिलिटीसाठी १४४४५ हा वेगळा नंबर आहे. तक्रार क्रमांक मागून घ्या
- फोनवर झालं नाही तर परिमंडळ कार्यालयात, ग्रामीण भागात तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात १२ अंकी नंबर, दुकान नंबर आणि तारीख टाका. दोन प्रती न्या, एकीवर पोचचा शिक्का घ्या, शिक्का न घेता निघू नका
- धान्य न देता मशीनवर उचललेलं दाखवलं असेल तर मेरा राशन ॲपमधल्या त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडा, याच्यापुढं दुकानदाराला काही बोलता येत नाही

अर्ज लिहिता येत नसेल तर रूमवरच्या शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या, साध्या कागदावर चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही.